आकड्यांच्या रकान्यातला शब्द

पहिल्यांदाच लिहितेय इथे. तुमचे सगळ्यांचे अनुभव मी नेमाने वाचते, दुपारी डबा खाता खाता, आणि खरं सांगू का – बहुतेक वेळा मनातल्या मनात हसते. राग मानू नका, माझा स्वभावच तसा आहे. सासूबाई माझ्या मुलाची दृष्ट काढायला बसल्या की मिरच्यांचा ठसका कधी लागतो आणि कधी लागत नाही याचं शास्त्र सांगत मी दारात उभी असते. त्या म्हणतात, "तू तुझा कॉम्प्युटर बघ." तर हा अनुभव नेमका त्या कॉम्प्युटरमधलाच आहे... म्हणून जास्त पंचाईत झाली. एखाद्या झाडाखाली काही दिसलं असतं तर भास झाला म्हणून मोकळी झाले असते.

मी डेटाबेसचं काम करते. ऑफिस इंदिरानगरला, जॉगिंग ट्रॅकच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली ब्लाउज शिवणाऱ्या बाईंचं दुकान आहे, त्यामुळे आमच्या मीटिंगा शिलाई मशीनच्या आवाजात होतात. दवाखाने, शाळा, सोसायट्या यांची जुनी सॉफ्टवेअर नव्यावर नेऊन द्यायची, हा आमच्या छोट्याशा कंपनीचा धंदा. यात नवं बनवणं सोपं असतं, जीव जातो तो जुनं उचलून आणताना. घर बदलताना माळ्यावरून असं काहीतरी निघतं की ते कुणाचं हे घरात कुणालाच सांगता येत नाही आणि टाकायचाही धीर होत नाही – तसंच. कुणीतरी कधी मोबाइल नंबरचा रकाना जोडलेला असतो, पुढे दुसऱ्याने आधारचा, तिसऱ्याने एका नावाचे तीन तुकडे केलेले. प्रत्येकाने आपापल्या वेळी शहाणपणाच केलेला असतो. फक्त आधी काय होतं ते कुणी जपून ठेवत नाही. जुनं पुसायचं आणि त्याच जागी नवं लिहायचं, अशी आपल्याकडची पद्धत.

यात सगळ्यात जास्त छळतात ती बायकांची नावं. लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात, पेढे खातात. बाईचं स्वतःचं नाव बदललं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आलं, आडनाव तर गेलंच. माझंही असंच झालंय, त्यामुळे हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही... बरं, थोडी तक्रार आहे. पण डेटाबेसच्या बाजूने बघा. कालची एक बाई नाहीशी झाली आणि आज दुसरीच एक उगवली. दोघींत एक अक्षर सारखं नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका हॉस्पिटलचं काम आलं. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. मुख्य दवाखाना नाशकात, आणि एक छोटं प्रसूतिगृह तिकडे बागलाणात, नामपूरला. दोन्हीकडची सॉफ्टवेअर वेगळी, वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी केलेली. आम्हाला दोन्ही मिळून एक करायचं होतं. म्हणजे नामपूरला ज्या बाईचं कार्ड आहे आणि नाशकातही आहे, ती एकच आहे हे ओळखून दोन्ही कार्डं जोडायची. मग नाशकात तिचं कार्ड उघडलं की नामपूरचा जुना आजार, ऑपरेशन, ॲलर्जी सगळं डॉक्टरांना समोर दिसेल.

ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. नामपुरात तिला अख्खं गाव माहेरच्या नावाने ओळखतं. काउंटरवर नाव विचारलं की तिची आई बोलते, आणि आईच्या तोंडी जुनंच नाव येतं, पुढे वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. लग्न होऊन वर्ष झालं तरी तेच. मग तीच बाई दुसऱ्या बाळंतपणाला नाशकात सासरच्या नावाने येते... आणि जुळवायला हातात काही राहत नाही. जन्मतारखेवर जुळवावं म्हटलं तर निम्म्या बायका एक जूनला जन्मलेल्या. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिली तीच तारीख जन्मभर चालते ना!

म्हणून आम्ही जुळवणीचे नियम केले. आधार सारखा असेल तर पहिला नियम. मोबाइल आणि नाव सारखं असेल तर दुसरा. असे आणखी एक-दोन. दोन कार्डं जोडली की ती कोणत्या नियमाने जोडली त्याचा क्रमांक शेजारच्या रकान्यात पडायचा. हा रकाना आकड्यांचा होता. आकड्यांचा म्हणजे त्यात अक्षर लिहायला गेलात तर डेटाबेस ते घेतच नाही, सरळ तोंडावर फेकतो. एवढं एक लक्षात ठेवा, बाकी तांत्रिक काही सांगत नाही.

खरं काम करायच्या आधी आम्ही त्याची तालीम करतो. सगळ्या माहितीची नक्कल घ्यायची, तिच्यावर प्रोग्रॅम चालवायचा, काय निघतं ते बघायचं. पहिल्या तालमीनंतर मी जोडलेल्या कार्डांवर नजर टाकत होते. दोन-दोन नावं शेजारी आणि पुढे नियमाचा आकडा. एक, एक, दोन, एक, तीन... आणि एका ओळीत आकड्याच्या जागी लिहिलेलं होतं – आई.

डावीकडे नामपूरची छाया निंबा अहिरे. उजवीकडे नाशकातली तेजस्विनी सागर जाधव. नाव वेगळं, पत्ता वेगळा, छायाच्या कार्डावर ना आधार ना मोबाइल. दोघींची जन्मतारीख तेवढी एक जून, पण त्या हिशेबाने माझ्या दोन मावश्या आणि एक आत्याही त्यांच्या बहिणी लागतील.

माझा पहिला संशय शिंदेवर. शिंदे माझ्याबरोबर कितीतरी वर्षं काम करतोय, चेष्टेखोर माणूस आहे. मी म्हटलं, "काय रे, हे तुझे उद्योग का?"

त्याने खुर्ची सरकवून बघितलं. "नाही हो मॅडम. मी तुमच्या चहात मीठ घालेन, पण पेशंटच्या डेटात हात घालणार नाही." मग म्हणाला, "पण हे बसलं कसं इथे? हा तर आकड्यांचा रकाना आहे."

तोच तर प्रश्न होता. मी स्वतः त्याच रकान्यात, दुसऱ्या ओळीत, 'आई' लिहून बघितलं. डेटाबेसने घेतलं नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. मग प्रोग्रॅममध्ये तो शब्द शोधला, कुठेच नव्हता. दोन्हीकडच्या मूळ माहितीत शोधला, तिथे शेकडो ठिकाणी होता, पण या दोन कार्डांच्या जवळपास नाही. मी ती जोड काढून टाकली, नवी कोरी नक्कल घेतली आणि तालीम परत केली. सगळं व्यवस्थित. आणि छाया-तेजस्विनीच्या ओळीत परत 'आई'.

शिंदे म्हणाला, "मॅडम, राहू द्या ना. कुणीतरी सांगतंय काहीतरी."

"शिंदे, सांगायचं असेल त्याने ई-मेल करावा," मी म्हटलं. तेव्हा मला मनापासून राग आला होता. मला न समजणारी गोष्ट माझ्या कामात चालत नाही. आणि इथे प्रश्न माणसांचा होता. दोन वेगळ्या बायकांची कार्डं चुकून एक झाली तर एकीचा रक्तगट दुसरीच्या नावावर जाऊ शकतो. त्यातून काय होईल याचा विचारही नको वाटतो.

तरी शहानिशा करावी म्हणून हॉस्पिटलमध्ये गेले. आमचं काम तपासायला त्यांनी स्त्रियांच्या वॉर्डच्या पवार सिस्टरना नेमलं होतं. त्यांनी दोन्ही कार्डं वाचली. छायाच्या कार्डावर नामपूरच्या डॉक्टरांचा शेरा होता – एका अँटिबायोटिक इंजेक्शननंतर श्वास कोंडला, रक्तदाब एकदम उतरला, हे औषध पुन्हा देऊ नये. तेजस्विनीच्या कार्डावर असलं काही नाही. तिच्या कार्डावरचा मोबाइल लावला तर तो बंद. नामपूरला फोन केला तर तिथला स्टाफ नवा, अहिरे गावात पुष्कळ.

"मी कसं सांगू मॅडम, एकच आहे की दोन ते?" पवार सिस्टर म्हणाल्या. "तुमचा नियम काय म्हणतो?"

नियम म्हणत होता, काढा. मी काढली. नुसती काढली नाही, तर ही दोन कार्डं कधीच जोडायची नाहीत अशी खास सूचना प्रोग्रॅममध्ये घातली. मग एका रविवारी दुपारी, ओपीडी बंद असताना, आम्ही खरं काम केलं. संध्याकाळच्या आत नवी सिस्टिम सुरू झाली. मी सगळ्यात आधी तीच जोड शोधली. नव्हती. शिंदेला बोलावून दाखवलं, त्यानेही बघितलं. माझा जीव भांड्यात पडला, आणि घरी जाताना आम्ही ऑफिसजवळ मस्तपैकी मिसळ खाल्ली.

पावसाळ्याचे दिवस निघून गेले, मी ते विसरलेही होते. एक दिवस पवार सिस्टरचा फोन आला. आवाजात उत्साह. म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या नव्या सिस्टिमने काल एक पेशंट वाचवला बरं का." तापाने फणफणलेली एक बाई आणली होती, शुद्ध हरपत चाललेली, काही सांगायच्या स्थितीत नव्हती. नवऱ्याला विचारलं, कुठल्या औषधाची ॲलर्जी? तो म्हणाला, नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितलं, सिस्टरने द्यायच्या आधी कार्ड उघडलं, आणि वर लाल पट्टी – हे औषध पुन्हा देऊ नये. दुसरं औषध दिलं. आता ताप उतरलाय, बोलतेय.

"नाव काय पेशंटचं?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं असं नाही म्हणणार मी... पण विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"तेजस्विनी जाधव. तुम्ही मागे विचारायला आला होतात ना, तीच. बरं झालं जोडलंत तुम्ही."

मी जोडलं नव्हतं! मी सिस्टिम उघडली. ओळ तिथे होती. छाया निंबा अहिरे, तेजस्विनी सागर जाधव, आई. आमच्याकडे प्रत्येक बदलाची आपोआप नोंद होते, कुणी केला, कधी केला, काय केला. ती नोंद कुणालाच पुसता येत नाही, मलाही नाही. त्यात या जोडीबद्दल एकच नोंद होती. ही दोन कार्डं कधीच जोडायची नाहीत या माझ्या सूचनेची. ती जोडल्याची नोंद नव्हतीच कुठे. माझ्या हाताने केलेलं काम टिकलं असतं तर ती बाई आज नसती, हे एवढं एकच डोक्यात फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वॉर्डात गेले. खरं तर काही काम नव्हतं. तिशीच्या आतबाहेरची सावळी मुलगी, उशीला टेकून मोसंबी खात होती. नवरा शेजारी स्टुलावर. मखमलाबादच्या बाजूला त्यांची फुलशेती, माल रोज सकाळी बाजारात. मी म्हटलं, मी इथल्या कॉम्प्युटरचं काम करते, तुमचं कार्ड नीट आहे ना ते विचारायला आले.

नवरा लगेच म्हणाला, "लय घाबरलो ओ मॅडम. मला इचारलं तर मी सरळ नाय म्हणून सांगितलं. मला ठावंच नव्हतं. पहिलं बाळंतपण तिकडं झालं, मी थेट बारशाला गेलो."

"मीच सांगितलं नव्हतं," तेजस्विनी म्हणाली. "आई नको म्हणायची. आमच्या अहिराणीत म्हणायची, सासरी कळलं तर 'पोरमा खोट शे म्हनतीन', पोरीत खोट आहे म्हणतील. पण दवाखान्यात मात्र पहिलं तेच सांगायची ती. मला बोलूच द्यायची नाही. डॉक्टर बसा म्हणायचे तरी उभीच, आधी सांगायची – हिनं पहिलं नाव छाया शे, आणि मनी पोरले ती सुई चालत नही. प्रत्येक दवाखान्यात, साधा खोकला असला तरी. मला लाज वाटायची."

"आता कुठे असतात त्या?" मी विचारलं.

"गेली. मागच्या वर्षी. इथलं कार्ड काढलं ते त्यानंतर." तिने मोसंबीची साल वाटीत ठेवली. "परवा ताप चढला ना मॅडम, तेव्हा मला तेच सांगायचं होतं. आठवत होतं सगळं, तोंडातून शब्द निघेना. मग मला वाटलं, आता संपलं. सांगणारं कुणी राहिलं नाही."

नवरा चहा आणायला उठला तेव्हा तिने विचारलं, "तुम्हाला कसं कळलं पण, छाया म्हणजे मीच ते?"

कॉम्प्युटरने जुळवलं, असं सांगून सुटता आलं असतं. खोटंही नव्हतं. पण तिच्या तोंडाकडे बघून मला ते सांगवेना. मी म्हटलं, "आम्ही जुळवलं नाही. मी तर ते काढून टाकलं होतं, कारण मला पटलं नव्हतं. ते परत आलं. का जोडलं ते लिहायची एक जागा असते, तिथे आकडा असतो. तुझ्या नावापुढे 'आई' लिहिलंय. कुणी लिहिलं ते मला माहीत नाही."

ती घाबरेल असं वाटलं होतं. ती रडलीसुद्धा नाही. म्हणाली, "तुम्ही बसा म्हणाला असाल तिला. ती ऐकत नाही." आणि मग हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. माझेही भरले. तेवढ्यात चहा आला.

आता इथे कुणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच सांगते. शिंदेने गुपचूप केलं असेल? त्याच्याकडे तेवढे अधिकार नाहीत, आणि असते तरी आकड्यांच्या रकान्यात अक्षर घालणं त्याच्याही हातात नाही. छाया आणि तेजस्विनी एकच हे त्याला समजणार तरी कुठून? व्हायरस, बिघाड? बिघाड असता तर काहीही कचरा उमटला असता, आणि हजारो कार्डांमधून हीच दोन कशी सापडली असती? मी ओळखीच्या जाणकारांना विचारलं, पुण्याला आमच्या सरांना विचारलं. सगळे म्हणतात, असं होऊ शकत नाही. होऊ शकत नाही हे मलाही माहीत आहे हो, पण ते झालंय त्याचं काय?

आणि गोष्ट इथे संपली असती तरी मी लिहायला बसले नसते. या वर्षी त्या हॉस्पिटलचा डेटाबेस आणखी नव्या आवृत्तीवर न्यायची वेळ आली. पुन्हा नक्कल, पुन्हा तालीम. आणि तालीम अडली. कारण सरळ होतं, एका ओळीत आकड्याच्या जागी आकडा नाही. कुठली ओळ ते सांगायला नकोच.

शिंदे माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "मॅडम, आता तर काही अडचण नाही. पेशंटने स्वतः सांगितलंय, दोन्ही कार्डं तिचीच. 'पेशंटने खात्री दिली' हा नियम आपल्याकडे आहे. तो आकडा घालून टाकू. जोड तशीच राहील आणि काम पुढे जाईल."

बरोबरच होतं त्याचं. मी दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं. बोटं की-बोर्डवर ठेवली, आणि हलेनात. भीती वगैरे नव्हती. पण ते खोटं झालं असतं. ज्या दिवशी गरज होती त्या दिवशी पेशंटने कुठे सांगितलं होतं? ज्याने सांगितलं त्याचं नाव पुसायचं आणि त्याच जागी दुसरं लिहायचं... आयुष्यभर मी ज्याच्या नावाने खडे फोडत आले तेच.

मग मी माझ्या नोकरीत कधी केलं नव्हतं ते केलं. एका ओळीसाठी अख्खा रकाना बदलला. आकड्यांचा होता तो अक्षरांचा केला. त्याला जोडलेले सगळे रिपोर्ट, सगळ्या स्क्रीन बदलाव्या लागल्या, आठवडा गेला, हॉस्पिटलला काय कारण सांगितलं ते विचारू नका. निम्मं काम शिंदेने केलं. कार्डावर 'आधीचं नाव' हा वेगळा रकाना आम्ही तेव्हाच घातला, आता काउंटरवर प्रत्येक बाईला ते विचारतात.

नियमांच्या यादीत 'आई' हा नवा नियम घालावा लागला. प्रत्येक नियमापुढे त्याचं वर्णन लिहावं लागतं, म्हणजे पुढे जो कुणी हे काम हातात घेईल त्याला समजतं. शिंदे टाइप करत होता. त्याने विचारलं, "वर्णन काय लिहू, मॅडम?"

मी बराच विचार केला. अजूनही करते. त्याला सांगितलं, "लिही – हे कसं चालतं ते माहीत नाही. काढू नये."